गंगाफळाच्या नावासमोर

पाचोरा
२० जुलै २०२५

चि. ज्योत्स्ना,

आशीर्वाद. मागच्या दिवाळीत नानांच्या ओसरीवर बसून तू मला ई-मेल उघडून दिलीस आणि झाडांच्या रसायनांच्या त्या संकेतस्थळाचा पत्ता लिहून दिलास, तेव्हा तुला वाटलं असेल की आबा चार दिवस बघतील आणि विसरतील. विसरलो नाही. जिनिंगच्या यंत्रांनी माझे कान नेले तेव्हापासून फोन आणि गप्पा दोन्ही संपले; वाचणं तेवढं उरलं. बारावीनंतर मला कोणी शिकवलेलं नाही. जे आलं ते शब्दकोश मांडीवर घेऊन आलं. आता झाडाच्या पोटात काय शिजतं, कोणत्या पदार्थापासून कोणता होतो, मध्ये कोणतं विकर काम करतं, हे बाण काढून दाखवणारे ते नकाशे मी रोज दुपारी उघडतो.

भुसावळचं यार्ड पुलावरून पाहिलं आहेस ना? तसंच आहे सगळं. एक मुख्य लाइन येते, सांध्यापाशी फुटते, इकडची गाडी इकडे, तिकडची तिकडे. काकडीच्या कडूपणाची लाइन मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. ज्या पदार्थापासून झाड आपल्या पेशींची भिंत राखणारे पदार्थ करतं, त्याच पदार्थाशी एक सांधा आहे. तो दुसरीकडे वळला की कुकुर्बिटासिन तयार होतं. जहर कडू. तुमच्या कॉलेजात हे शिकवत असतील, पण भुसावळच्या यार्डाशी कोणी जोडून दाखवलं नसेल.

हे पाहण्याचं कारण सांगतो. माझ्या मांडवावरचं एक गंगाफळ वाऱ्याने पडून फुटलं. शेजारच्या लताबाईची शेळी, जी माझी वांग्याची रोपं मुळासकट खाते, तिने त्याला तोंड लावलं आणि मान फिरवून निघून गेली. तुझी काकू म्हणाली, शेळीला पसंत नाही ते कानबाईला कसं पसंत पडेल? टोमणा होता, पण मला टोमण्याचं उत्तर कागदावर द्यायची सवय आहे. आपण गंगाफळ म्हणतो त्या लाल भोपळ्याचं शास्त्रीय नाव मी टाकलं, पुढे त्या कडू पदार्थाचं नाव टाकलं. समोर काहीही आलं नाही. कोरं. म्हणजे गंगाफळाच्या यार्डात ती लाइन टाकलेलीच नाही. विषय संपला. शेळी माजली आहे, इतकंच.

यंदा नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या भाऊबंदांच्या कानबाईचे रोट, म्हणजे देवीचा नैवेद्य आणि कुळाची पंगत, माझ्या घरी आहेत. गंगाफळाची भाजी माझ्या मांडवावरच्याच फळांची होणार. आईच्या हातच्या वेलाचं बी मी आजवर मोडू दिलेलं नाही. उरलेल्यातलं मूठभर बी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, वाटून टाकलं: लताबाईला, प्रेमराजला, आणि पाचोरा स्टेशनवर भुसावळच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या एका बाईलाही, कारण ती बाजारातलं गंगाफळ पाणचट असतं म्हणत होती (ओठांवरून कळलं) आणि ते खरं आहे. तुला दिलं नाही; तुझ्या फ्लॅटला वेल कुठे चढवणार?

नाना येतीलच; तुझे वडील म्हणून नाही, आमचे थोरले भाऊ म्हणून. लग्न होऊन गेलेल्या लेकीला माहेरच्या रोटाचा घास नसतो, हा नियम मी केलेला नाही, म्हणून माझ्यावर रागावू नकोस. वरच्या मुद्द्यावर तुझं मत कळव.

तुझा
अभिमन आबा


शिरपूर
२३ जुलै २०२५

ती. आबांस सा. नमस्कार.

भुसावळच्या यार्डाची उपमा मी वर्गात वापरणार आहे आणि तुमचं नाव सांगूनच वापरणार आहे. सांधा तुम्ही अगदी बरोबर ओळखला.

पण त्या कोऱ्या पानाबद्दल थांबा. तिथे काही नाही याचा अर्थ गंगाफळात काही नाही, असा होत नाही. अशा कोशात कोणीतरी प्रयोग केला, तो छापला, तो वाचून कोणीतरी नोंद केली, तरच बाण दिसतो. प्रत्येक बाणाशेजारी एक लहान चिन्ह असतं ते पाहा. चंबूचं चित्र असेल तर प्रयोगशाळेत पाहिलेलं आहे. संगणकाचं चित्र असेल तर यंत्राने अंदाज बांधलेला आहे. आणि चित्रच नसेल तर तिथे अजून कोणी गेलेलंच नाही. तुम्ही ज्या कोशात पाहिलं त्यात काकडीवर बरंच काम आहे, आपल्या गंगाफळावर थोडं. काकडी, दुधी, गंगाफळ ही सगळी एकाच घरची माणसं आहेत. कडूपणाची लाइन बहुतेकांच्या घरात टाकलेली असते. आपण खातो त्या वाणांत फळाकडचा सांधा बंद असतो. तो कधी उघडेल ते फळाकडे बघून कळत नाही.

म्हणून मला शेळीची गोष्ट आवडली नाही. आबा, एक करा. एका फळाची चकती कापून जिभेच्या टोकाला लावा आणि थुंकून टाका. कडू लागलं तर ते फळ कोणाच्याच पोटात जाऊ देऊ नका. शिजवून हे विष जात नाही, आणि गूळ घातला तर कडूपणा झाकला जातो, विष तसंच राहतं.

नाना येणार आहेत. माझ्याकडे राहायला आल्यापासून त्यांचं जेवण कमी झालं आहे, कशाचीच चव लागत नाही म्हणतात. पाणी बदललं असेल. काकूंना सांगा, त्यांना आग्रह करू नका.

तुमची
ज्योत्स्ना


पाचोरा
२६ जुलै २०२५

चि. ज्योत्स्ना,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चंबू आणि संगणक ही चिन्हं मला माहीत नाहीत असं तुला वाटलं, याचं वाईट वाटलं. मी ती पहिल्याच आठवड्यात पाहिली होती.

चकती कापण्याचं म्हणशील तर, कानबाईसाठी ठेवलेल्या फळाला आधी सुरी लावत नाहीत आणि नैवेद्य दाखवण्याआधी कोणी चाखत नाही. तुझ्या सासरीही हेच आहे. कॉलेजात नोकरी लागली म्हणून हे विसरू नये. चव बघायचीच असेल तर नाना आहेत. पहिला घास त्यांचा. लग्नात बट्टीच्या वरणात मीठ किती, हे अख्ख्या तालुक्यात नानांच्या जिभेवर ठरायचं. आचारी पळी घेऊन त्यांच्यासमोर उभे राहायचे. त्यांनी मान हलवली की आम्ही जेवू. तुझ्या चंबूपेक्षा मला ती जीभ पुरेशी आहे.

आता शास्त्राचं. यंदाच्या फळांचा आकार जरा वेगळा आहे हे मी स्वतःहून नोंदवतो, कारण मी लपवणाऱ्यांतला नाही. आईची फळं चपटी, पगडीसारखी. यंदाच्यांना मान निघाली आहे आणि सालीवर हिरवे पट्टे आहेत. कारण मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी कृषी प्रदर्शनातून मी शोभेच्या भोपळ्याचं पाकीट आणलं होतं, ते याच कुंपणावर लावलं होतं. फळ आई-वेलाचं असतं पण आतलं बी दोन्ही वेलांचं असतं, त्यामुळे गेल्या वर्षीचा परागाचा घोळ यंदा दिसणार, हेही मला ठाऊक आहे. पण शोभेचा भोपळा ही वेगळी जात आणि गंगाफळ ही वेगळी जात, त्यांचा संकर होत नाही, असं मी वाचलेलं आहे. म्हणजे मान आली ती खताने. हे मी तुला सांगतो आहे, तू मला नाही.

यापुढे तुला पटवण्यात मी वेळ घालवणार नाही. घराला रंग द्यायचा आहे, रोटाच्या दळणासाठी चक्कीवाल्याला चक्की धुऊन ठेवायला सांगायचं आहे.

अभिमन आबा


शिरपूर
३१ जुलै २०२५

ती. आबांस,

परीक्षेच्या कामात होते, तुमचं पत्र आज दुपारी उघडलं. नाना सकाळच्याच गाडीने तुमच्याकडे निघून गेले आहेत. हे आधी वाचलं असतं तर मी त्यांना बसमध्ये बसूच दिलं नसतं.

आबा, मान आणि हिरवे पट्टे. तुम्ही ते लिहिलंत म्हणून मी तुमचे पाय धरते. हे दोन भोपळे सहसा एकमेकांशी जुळत नाहीत, असं लिहिलेलं असतं. सहसा. तो शब्द तुम्ही गाळलात. शोभेच्या भोपळ्यात तो सांधा उघडाच असतो, ते दिसायला सुंदर आणि आत विष. त्यांचा पराग आईच्या वेलावर एकदा जरी लागला असेल तर यंदाची फळं कशी निघतील, हे कोणताही कोश सांगणार नाही. शेळीने सांगितलं होतं.

आता जे लिहिते ते नानांनी मला शपथ घालून लपवायला सांगितलं आहे. नानांची मूत्रपिंडं जवळजवळ गेली आहेत. उन्हाळ्यातच कळलं. म्हणाले, भाऊबंदांना कळलं तर मला कोपऱ्यात खाट टाकून बसवतील, कानबाईसमोर बसू देणार नाहीत, ही एक कानबाई मला माणसासारखी करू दे, आणि मी गप्प बसले. त्या आजारात माणसाच्या तोंडाची चव जाते. नानांना पाणीसुद्धा कडू लागतं. मी केलेला शिरा त्यांना कडू लागतो आणि मला वाईट वाटू नये म्हणून ते संपवतात. त्या जिभेवर तुम्ही सगळ्यांचं ताट ठेवलं आहे. ते पहिला घास घेतील, त्यांना कडू लागेल, रोजच लागतं तसं. ते मान हलवतील आणि आणखी घेतील. निरोगी माणूस उलट्या-जुलाबांनी दोन दिवस पडून उठेल. नानांच्या अंगातलं तेवढं पाणी गेलं तर ते उठणार नाहीत.

बाजारातून दुसरं गंगाफळ आणा. देवीला चालेल. मी तुमच्यापेक्षा लहान आहे, तुमच्याशी वाद घातला त्याची माफी मागते. फक्त दुसरं फळ आणा आणि मला एक ओळ लिहा.

ज्योत्स्ना


शिरपूर
२ ऑगस्ट २०२५, शनिवार

आबा,

तुमचं उत्तर नाही. काकूंना फोन केला होता. म्हणाल्या, गंगाफळं कालच कानबाईच्या पाटाजवळ मांडली, आता उचलता येत नाहीत, तुझ्या आबांना लिही, ते म्हणतील तसं करू. फोन मोठ्या आवाजावर होता, मागे नाना कोणाशी तरी हसत होते, मी आजाराचं कसं बोलू? नानांना देऊ नका एवढंच म्हटलं. काकू म्हणाल्या, पहिला घास त्यांचा, त्यांना कोण थांबवेल? मग नानांनीच फोन घेतला आणि अहिराणीत म्हणाले, तू कॉलेजमां शिकाड, आठे मी शे ना. म्हणजे इथलं ते बघणार.

मी निघून आले असते. पण इथेही उद्याच कानबाई आहे, घरची सून मीच आहे, नैवेद्य माझ्या हातून आहे.

पत्र उघडा, आबा. वरचं नाही, ३१ तारखेचं.

ज्योत्स्ना


३ ऑगस्ट, रविवार

आबा, नैवेद्य झाल्याबरोबर मी गाडी करून निघते आहे. पोचायला संध्याकाळ होईल. तोवर कोणाला जेवू देऊ नका. मला माहीत आहे की तुम्ही हे वाचत नाही.


पाचोरा
१५ ऑगस्ट २०२५

चि. ज्योत्स्ना,

जळगावच्या दवाखान्यात तू माझ्या समोरच्या बाकावर बसून होतीस. मला ऐकू येत नाही आणि मला बोलता आलं नाही. म्हणून लिहितो. सगळं लिहितो, क्रमाने.

तुझं ३१ तारखेचं पत्र मी पाहिलं होतं. तुझं नाव दिसलं आणि मी ते उघडलं नाही. राग होता. शनिवारचं आणि रविवारचंही तसंच पडून राहिलं. नानांच्या आजाराबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं, हे मी बचावासाठी लिहीत नाही, पुढचं कळावं म्हणून लिहितो.

रविवारी नैवेद्य झाला. पंगत बसली. नानांनी पहिला घास भाजीचा घेतला. सगळ्यांचे हात ताटावर थांबलेले. नानांनी मान हलवली आणि त्यांच्या ओठांवर मी वाचलं: बरी शे. हात खाली गेले.

ज्याला ऐकू येत नाही तो चेहरे बघतो. मी नानांकडे बघत होतो, कारण फळ माझं होतं आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर माझं कौतुक बघायचं होतं. त्यांनी भाजीवर खिरीचा घास घेतला. भाजी खाताना जो चेहरा, तोच खीर खाताना. तसाच, जराही न हलता. त्या माणसाचा चेहरा मी लहानपणापासून पाहतो आहे. खीर खाताना ते डोळे मिटतात. मला तुझ्या पहिल्या पत्रातलं वाक्य आठवलं, चव लागत नाही म्हणतात, आणि तू ते पाण्यावर ढकललं होतंस. तू कारण चुकीचं देतेस असं कधी होत नाही. म्हणजे मुद्दाम दिलं होतंस. मी माझ्या ताटातल्या भाजीचं बोट जिभेला लावलं.

गुळाच्या खालून तो कडूपणा आला. घशापर्यंत गेला आणि तिथेच बसला. मी आजवर कडुनिंब, कारलं, कुटकी सगळं चाखलं आहे; हे त्यातलं काही नव्हतं.

नाना दुसरा घास तोंडात घालत होते. मी त्यांचं मनगट धरलं. कानबाईसमोर, पंगतीत, वडील माणसाचं. माझा आवाज किती चढला ते मला कळत नाही, पण बायका दचकल्या त्यावरून बराच चढला असणार. मी म्हणालो, थांबा, कोणी खाऊ नका, माझं फळ विषारी आहे.

प्रेमराज, माझा धाकटा भाऊ, ज्याला मी जन्मभर अडाणी म्हटलं, माझ्याकडे बघून म्हणाला (सावकाश म्हणाला, मला वाचता यावं म्हणून): तुना कॉम्प्युटरमां तर कडू नव्हतं ना, भाऊ?

मी म्हणालो, कॉम्प्युटरमध्ये काहीच नव्हतं. तेच मला वाचता आलं नाही.

तोवर ज्यांनी घास घेतला होता त्यांना घशात लागायला लागलं होतं. तरी कोणी थुंकेना. रोटाचं अन्न तोंडातून टाकायचं कसं? टाकलं तर जाणार कुठे? बाहेरच्याला देता येत नाही, गुरांना घालता येत नाही, उकिरड्यावर जात नाही, पौर्णिमेच्या आत कुळातल्यांनीच संपवायचं. तुझी काकू पदरात तोंड लपवून गिळत होती, मी पाहिलं. देवी रागावली म्हणून आणखी गिळत होती. त्या क्षणी मला खरी भीती वाटली, ज्योत्स्ना. विषाची नाही. हे सगळे लोक माझ्या डोळ्यांदेखत नियमाने मरतील आणि मला त्यांना समजावता येत नाही, याची.

नाना उठून उभे राहिले. भिंतीला धरून. ओठ स्पष्ट हलले: खड्डा खंदा. कानबाईले मी सांगसू.

प्रेमराजने मांडवाखालीच खड्डा केला. नानांनी आपल्या हाताने भाजीचं पातेलं त्यात उपडं केलं आणि पाटासमोर येऊन कितीतरी वेळ डोकं टेकवून राहिले. आम्हाला वाटलं देवीशी बोलत आहेत. त्यांना उठवायला गेलो तेव्हा कळलं की त्यांना उठता येत नाही.

त्यांना गाडीत घातल्यावर, जळगावच्या रस्त्यावर, मी फोन काढून तुझं पत्र उघडलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी ३१ तारखेचं पत्र तसं वाचलं.

डॉक्टरांना मी त्या पदार्थाचं नाव आणि नानांच्या मूत्रपिंडांचं तुझ्या पत्रातलं लिहून दिलं. शुद्ध लिहून दिलं. त्याचा काही उपयोग झाला का, ते विचारायची हिंमत झाली नाही.

अभिमन


शिरपूर
१९ ऑगस्ट २०२५

ती. आबांस सा. नमस्कार.

झाला. उलट्या शिळ्या अन्नाने झाल्यासारख्या दिसत होत्या, डॉक्टर आधी साधी विषबाधा समजले होते. तुमच्या चिठ्ठीनंतर त्यांनी सलाइनचा हिशोब मूत्रपिंडं धरून केला. नाना काल घरी आले. आता त्यांना आठवड्यातून दोनदा धुळ्याला यंत्रावर न्यावं लागेल. ते आधीही कधीतरी लागणारच होतं, आता लवकर लागलं. किती लवकर, हे मला मोजायचं नाही. तुम्हीही मोजू नका.

त्यांना सगळं कळलं आहे म्हटल्यावर ते उलट मोकळे झाले. काल म्हणाले, अभिमनने माझं मनगट असं धरलं की अजून दुखतं, त्याला सांग, कान गेले पण हात शाबूत आहेत.

मीही लपवलं होतं, आबा. माझं पत्र तुम्ही उघडलं नाही हे खरं, पण मी ते तेवीस तारखेलाच लिहायला हवं होतं. पाणी बदललं असेल, हे वाक्य मला आता वाचवत नाही.

हे सगळं नंतर बोलू. आज एकच विचारायचं आहे. वीस तारखेच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की आखाजीला बी वाटलं. तेच बी ना, गेल्या वर्षीच्या फळांमधलं? आखाजीला लावलेल्या वेलांना आता फळं आली असतील. प्रत्येक वेल कडू निघेलच असं नाही, एखादी गोड निघेल, तिच्या शेजारची विष. तुम्ही लिहिलेल्या तिघांखेरीज आणखी कोणाला दिलं?

ज्योत्स्ना


भुसावळ
७ सप्टेंबर २०२५

चि. ज्योत्स्ना,

हे पत्र मी मोबाइलवर लिहितो आहे, चुका सोसून घे.

लताबाईचा वेल मी त्याच दिवशी उपटला. तिने भांडण काढलं. एका फळाची चकती तिच्या जिभेला लावली, मग उरलेली फळं तिनेच पुरली. प्रेमराजने न सांगता आपला उपटून जाळला. आईच्या बियांची पुरचुंडी स्वयंपाकघरात टांगलेली होती, ती चुलीत घातली. तुझी काकू म्हणाली, एक तरी बी ठेवा. ठेवलं नाही.

राहिली ती स्टेशनवरची बाई. तिचं नाव मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी ऐकू आलं नसतं. निळं लुगडं, कडेवर मूल, आणि भुसावळची गाडी, एवढंच. पाचोरा स्टेशनवर, भुसावळच्या स्टेशनवर आणि भाजीबाजारात मी चिठ्ठ्या चिकटवल्या: आखाजीला पाचोऱ्याच्या फलाटावर गंगाफळाचं बी घेतलेल्या ताईंनी त्या वेलाचं फळ खाऊ नये. खाली तुझा फोन नंबर घातला, न विचारता, कारण माझ्या नंबरचा उपयोग नाही. तुला फोन आला नाही हे मला माहीत आहे, आला असता तर तू कळवलं असतंस. पण फोन आला नाही म्हणजे काही झालं नाही, असं आता मी म्हणू शकत नाही.

म्हणून गेल्या पंधरवड्यापासून भुसावळला येतो आणि रेल्वे क्वार्टरांच्या कुंपणांवरचे वेल बघत फिरतो. गंगाफळं पुष्कळ आहेत. सगळी चपटी. लोक मला वेडा समजतात. एका पोलिसाने हटकलं, त्याला मी कागदावर लिहून समजावलं, त्याने तो कागद मला परत दिला.

आज सापडला.

यार्डाच्या कडेची शेवटची ओळ आहे. निम्मी क्वार्टरं रिकामी, खिडक्या काढून नेलेल्या. शेवटून दुसऱ्या घराच्या कुंपणावर वेल आहे. फळांना मान आहे, सालीवर हिरवे पट्टे. मी चूक करत नाही, ती माझीच फळं आहेत. एका देठाला फळ नाही. देठ सुरीने कापलेला आहे आणि कापल्या जागी चीक अजून वाळलेला नाही.

दाराला बाहेरून कुलूप नाही, ढकललं तरी उघडत नाही. म्हणजे आतून लावलं आहे. दोरीवर लहान मुलाचं झबलं वाळत आहे.

मी दार ठोठावलं. बेल दाबली, ती वाजते की बंद आहे, मला कळत नाही. हाका मारल्या. शेजारचं घर रिकामं आहे, पलीकडचंही. मागे फिरून पाहिलं, खिडकीला आतून कागद लावलेले आहेत. कोणी आतून ओ दिली असेल, कोणी कण्हत असेल, मूल रडत असेल, तर ते मला ऐकू येणार नाही. मी इथे उभा राहून काहीच नाही असं समजेन.

म्हणून मी दारावर तळहात ठेवून पायरीवर बसलो आहे आणि दुसऱ्या हाताने तुला लिहितो आहे. घराच्या क्रमांकाच्या आणि ओळीच्या नावाच्या पाटीचा फोटो सोबत जोडला आहे. हे मिळाल्याबरोबर भुसावळच्या पोलिसांना फोन कर, रेल्वेच्या दवाखान्याला कर, पदार्थाचं नाव सांग.

आत्ताच दाराचं लाकूड हाताखाली थरथरलं. यार्डातून मालगाडीही जाते आहे. पुन्हा थरथरलं. ते आतलं पाऊल आहे की गाडी, मला सांगता येत नाही. ज्योत्स्ना, लवकर कर. मी हात काढत नाही.

अभिमन आबा